शाळेच्या विटा आणि गावाचे हात : गांदो (बुर्किना फासो) येथील शिक्षणकार्य करणाऱ्या एका लहान जर्मन संस्थेचा अभ्यास

सारांश

आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील मुलांच्या शिक्षणासाठी जर्मनीत अनेक लहान सेवाभावी संस्था काम करतात. देणगीदार दूर, लाभार्थी दूर आणि साधने अल्प अशा स्थितीत या संस्था टिकाऊ काम कसे करू शकतात, हा प्रश्न शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र व अर्थशास्त्र या तिन्ही विद्याशाखांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात १९९८ मध्ये बर्लिन येथे स्थापन झालेल्या 'शुलबाउष्टाइने फ्युअर गांदो' या संस्थेच्या कार्याचा परिचय करून दिला आहे. संस्थेची कायदेशीर चौकट, शाळेच्या उभारणीची पद्धत, ग्रामस्थांचा सहभाग, शासनाशी असलेले नाते आणि या प्रारूपाच्या मर्यादा यांचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ग्रामीण शिक्षण, सेवाभावी संस्था, लोकसहभाग, बुर्किना फासो, मातीचे बांधकाम, विकास-सहकार्य.

१. प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आफ्रिका खंडातील बहुसंख्य देश स्वतंत्र झाले. स्वातंत्र्याबरोबर शिक्षणाच्या प्रसाराची आकांक्षा निर्माण झाली. परंतु ती पूर्ण करण्याइतकी साधने नव्या राज्यांकडे नव्हती. शहरांत शाळा निघाल्या, तालुक्याच्या गावांपर्यंत त्या पोहोचल्या, मात्र दूरवरच्या खेड्यांतील मुले बराच काळ त्यांपासून वंचित राहिली. ही उणीव भरून काढण्यासाठी युरोपातील शासने, चर्चसंस्था आणि स्वयंसेवी संस्था पुढे आल्या. त्यांच्या कार्यातून शाळा उभ्या राहिल्या हे खरे. तथापि अनेक ठिकाणी बाहेरून आलेली मदत थांबताच कामही थांबले, इमारती ओस पडल्या आणि गाव पुन्हा नव्या दात्याची वाट पाहू लागले, असाही अनुभव विकास-सहकार्याच्या क्षेत्रात वारंवार आलेला आहे.

या पार्श्वभूमीवर, दात्याच्या देशात स्थापन झालेली परंतु लाभार्थी गावाच्याच एका मुलाने सुरू केलेली संस्था अभ्यासण्याजोगी ठरते. वास्तुविशारद डिएबेदो फ्रान्सिस केरे यांनी बर्लिनमध्ये विद्यार्थिदशेत असताना स्थापन केलेली संस्था हे त्याचे ठळक उदाहरण होय. केरे यांना २०२२ मध्ये वास्तुकलेतील प्रित्झकर पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळविणारे ते पहिले आफ्रिकी वास्तुविशारद आहेत. त्यामुळे त्यांच्या कार्याची चर्चा प्रामुख्याने वास्तुकलेच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखाचा रोख मात्र वास्तूपेक्षा तिच्यामागील शैक्षणिक आणि संस्थात्मक प्रक्रियेवर आहे.

प्रस्तुत विवेचनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) गांदो गावातील शिक्षणाच्या अभावाची पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) लहान जर्मन संस्थेच्या कायदेशीर व आर्थिक चौकटीचा परिचय करून देणे.
३) शाळेच्या उभारणीतील लोकसहभागाचे स्वरूप तपासणे.
४) या कार्यपद्धतीच्या मर्यादांचा विचार करणे.

२. पार्श्वभूमी : गांदो आणि तेंकोदोगो

बुर्किना फासो हा पश्चिम आफ्रिकेतील समुद्रकिनारा नसलेला देश आहे. फ्रेंच वसाहतीच्या काळात त्याला अपर व्होल्टा असे नाव होते. ५ ऑगस्ट १९६० रोजी तो स्वतंत्र झाला आणि १९८४ मध्ये थॉमस संकारा यांच्या राजवटीत त्याचे सध्याचे नाव रूढ झाले. बहुसंख्य जनता कोरडवाहू शेती व पशुपालनावर जगते. पाऊस साधारणपणे जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो. उरलेले दिवस कोरडे असतात आणि उन्हाळ्यात तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते. प्रौढ साक्षरतेच्या बाबतीत जगातील सर्वांत मागे असलेल्या देशांत त्याची गणना होते.

गांदो हे देशाच्या आग्नेय भागातील, तेंकोदोगो या शहराजवळचे सुमारे तीन हजार वस्तीचे खेडे आहे. केरे यांचा जन्म १९६५ मध्ये याच गावात झाला. त्यांचे वडील गावचे प्रमुख होते. गावात शाळा नव्हती. थोरला मुलगा लिहिण्या-वाचण्यास शिकावा या हेतूने वडिलांनी त्यांना वयाच्या सातव्या वर्षी तेंकोदोगो येथे नातेवाइकांकडे ठेवले. शाळेत जाणारे ते गावातील पहिले मूल होते. सिमेंटच्या ठोकळ्यांनी बांधलेला अंधारा, कोंदट वर्ग, त्यात शंभराहून अधिक मुले आणि बाहेरच्यापेक्षाही आत अधिक जाणवणारा उकाडा, असे त्या शाळेचे स्वरूप होते. हा अनुभव पुढे त्यांच्या कामाचा आरंभबिंदू ठरला.

या प्रसंगाचा शैक्षणिक अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. गावात शाळा नसणे म्हणजे केवळ मुलाने दूर चालत जाणे नव्हे. सात वर्षांच्या मुलाला आईपासून, घरापासून आणि घरच्या भाषेपासून दूर पाठविणे हा त्याचा खरा अर्थ असतो. शाळेची भाषा फ्रेंच; घरची आणि अंगणाची भाषा वेगळी. ज्या कुटुंबाचे शहरात कोणी नातेवाईक नाहीत, त्या कुटुंबातील मुलांपुढे हा पर्यायही उरत नाही. मुलींच्या बाबतीत तर तो जवळजवळ नसतोच. म्हणून गावात शाळा असणे ही सोयीची बाब नसून शिक्षणाचा हक्क प्रत्यक्षात उतरण्याची पहिली अट ठरते. बुर्किना फासोमध्ये २००७ च्या कायद्याने सहा ते सोळा या वयोगटातील शिक्षण सक्तीचे व शासकीय शाळांत मोफत करण्यात आले. परंतु जेथे शाळाच नाही तेथे सक्तीचा कायदा कागदावरच राहतो.

२०१३ मध्ये दिलेल्या एका जाहीर व्याख्यानात केरे यांनी बालपणीची एक आठवण सांगितली आहे. सुटी संपवून शहरात परतताना गावातील स्त्रिया एकेक करून त्यांना निरोप देत आणि आपल्या पदराच्या गाठीतले शेवटचे नाणे त्यांच्या हातावर ठेवीत. सगळ्या बाया असे का करतात, असे त्यांनी आईला विचारले, तेव्हा तू शिकून मोठा व्हावास आणि एक दिवस परत येऊन गावाचे भले करावेस म्हणून त्या तुझ्या शिक्षणाला हातभार लावतात, असा आशय तिने समजावून सांगितला. गांदोच्या शाळेची पहिली वर्गणी बर्लिनमध्ये गोळा झाली असे नोंदवहीवरून वाटेल. वस्तुतः ती बऱ्याच आधी गांदोतील स्त्रियांनी दिलेली होती.

३. संस्थेची स्थापना आणि कायदेशीर चौकट

१९८५ मध्ये केरे सुतारकामाच्या प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्ती घेऊन बर्लिनला गेले. दिवसा सुतारकाम आणि रात्रशाळेत माध्यमिक शिक्षण असा त्यांचा क्रम होता. १९९५ मध्ये त्यांना बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात वास्तुशास्त्राच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळाली. पदवी हाती येण्याच्या सहा वर्षे आधी, म्हणजे १९९८ मध्ये, त्यांनी मित्रांच्या साहाय्याने 'शुलबाउष्टाइने फ्युअर गांदो' ही संस्था स्थापन केली. या जर्मन नावाचा अर्थ 'गांदोसाठी शाळेच्या विटा' असा होतो. पुढे संस्थेचे नाव 'केरे फाउंडेशन' असे झाले. परंतु कायद्याच्या दृष्टीने ती नोंदणीकृत संघच राहिली.

जर्मनीतील 'नोंदणीकृत संघ' हा संस्थाप्रकार समजून घेतल्याशिवाय अशा लहान संस्थांचे कार्य कळत नाही. १ जानेवारी १९०० पासून अमलात असलेल्या जर्मन नागरी संहितेत त्याची तरतूद आहे. नोंदणीसाठी किमान सात सभासद असावे लागतात. भारतातील १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमातही सात व्यक्तींचीच अट असल्यामुळे महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांशी संबंधित वाचकांना ही रचना परकी वाटणार नाही. संघाची नोंद न्यायालयातील नोंदवहीत होते. भांडवलाची अट नाही. त्यामुळे विद्यार्थी, शिक्षक, निवृत्त कर्मचारी, एखाद्या वस्तीतील शेजारी अशा सामान्य नागरिकांना फारशा खर्चाविना संस्था काढता येते. जर्मनीत असे सहा लाखांहून अधिक संघ आहेत. गायनमंडळे, क्रीडामंडळे यांच्याबरोबरच एखाद्याच गावासाठी किंवा एखाद्याच शाळेसाठी काम करणारे संघही त्यांत आहेत.

संघाला 'सार्वजनिक हिताचा' हा दर्जा मात्र न्यायालय देत नाही. तो वित्त कार्यालय, म्हणजे तेथील करखाते, देते. शिक्षणाचा प्रसार आणि विकास-सहकार्य ही दोन्ही उद्दिष्टे करविषयक कायद्यात मान्य आहेत. हा दर्जा मिळाल्यावर देणगीदाराला आपल्या उत्पन्नाच्या वीस टक्क्यांपर्यंतची देणगी करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. त्या बदल्यात संस्थेवर काही बंधने येतात. सभासदांना नफा वाटता येत नाही. संस्था विसर्जित झाल्यास शिल्लक मालमत्ता सार्वजनिक हिताच्या कामासाठीच द्यावी लागते. जमा झालेला निधी सर्वसाधारणपणे पुढील दोन वर्षांच्या आत उद्दिष्टासाठी खर्च करावा लागतो. अल्प उत्पन्न असलेल्या संस्थांना २०२० च्या सुधारणेने या अटीतून सूट देण्यात आली.

यांतील शेवटच्या अटीचा परिणाम सूक्ष्म आहे. निधी वेळेत खर्च व्हावा हा हेतू योग्यच आहे. पण त्यामुळे कायम ठेव उभारून तिच्या व्याजावर शिक्षकाचा पगार वर्षानुवर्षे देणे अशा संस्थेला कठीण जाते. इमारत, विहीर, बाके, पुस्तके असे एकदाच करावयाचे खर्च तिला अधिक सोयीचे पडतात. देणगीदारांचा ओढाही दिसणाऱ्या, छायाचित्र काढता येईल अशा कामाकडे असतो. शाळा बांधली जाते, पण ती चालविण्याचा आवर्ती खर्च कोणी करावयाचा हा प्रश्न मागे राहतो. आफ्रिकेत काम करणाऱ्या लहान संस्थांच्या यशापयशाचे मूळ पुष्कळदा या प्रश्नात सापडते. गांदोच्या उदाहरणात त्याचे उत्तर कसे मिळाले हे पुढे पाहावयाचे आहे.

संस्थेच्या आरंभीच्या निधीचा उगमही सांगण्यासारखा आहे. केरे यांनी आपल्या सहाध्यायी विद्यार्थ्यांना कॉफी आणि सिगारेट यांवरील थोडा खर्च वाचवून तो गांदोच्या शाळेसाठी देण्याची विनंती केली. उपरोक्त व्याख्यानात त्यांनी सांगितल्याप्रमाणे दोन वर्षांत सुमारे ५०,००० अमेरिकी डॉलर जमा झाले. मोठ्या दात्याची एकरकमी देणगी न घेता अनेकांच्या लहान वाट्यांतून निधी उभा राहिल्यामुळे शाळा कशी असावी हे ठरविण्याचा अधिकार कोणा एका दात्याच्या हाती गेला नाही, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

४. शाळेची उभारणी : मातीविषयीचा मतभेद

निधी घेऊन गावी परतल्यावर शाळा मातीची बांधण्याची कल्पना केरे यांनी मांडली, तेव्हा ग्रामस्थांनी ती सहजासहजी स्वीकारली नाही. त्यांचा आक्षेप अडाणीपणाचा नव्हता. तो अनुभवाचा होता. मातीच्या भिंती पावसाळ्यात ढासळतात आणि दर वर्षी त्यांची डागडुजी करावी लागते हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक होते. सिमेंट-काँक्रीट हे टिकाऊपणाचे आणि प्रगतीचे चिन्ह होते. युरोपात इतकी वर्षे शिकून आलेल्या मुलाने पुन्हा मातीच पुढे करावी, हे त्यांना न उमगणारे होते.

या मतभेदाचे निराकरण केरे यांनी आराखडे दाखवून केले नाही. आराखडा वाचता येण्यासाठीही एक प्रकारची साक्षरता लागते आणि ती गावात नव्हती. त्यांनी प्रत्यक्ष नमुने बांधून दाखविले. विटांची कमान रचून तिच्यावर माणसे उभी केली, तेव्हा माती भार पेलते हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. शिक्षणशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे प्रात्यक्षिक पद्धतीने केलेले प्रौढशिक्षणच होते. शाळा सुरू होण्यापूर्वीच तिचे अध्यापन सुरू झाले होते असे म्हणता येईल.

प्राथमिक शाळेची इमारत २००१ मध्ये पूर्ण झाली. तिची रचना थोडक्यात अशी आहे : तीन वर्गखोल्या एका ओळीत असून त्यांच्या मधल्या मोकळ्या जागांवरही छप्पर आहे, तेथे मुले खेळतात आणि बाहेरचे वर्गही भरतात. भिंती थोडे सिमेंट मिसळून दाबून तयार केलेल्या मातीच्या विटांच्या आहेत. वर्गाच्या माथ्यावर विटांचेच छत असून त्यात हवा जाण्यासाठी फटी ठेवलेल्या आहेत. त्याच्याही वर, मधे पोकळी सोडून, पन्हळी पत्र्याचे छप्पर बसविलेले आहे. हे छप्पर सर्व बाजूंनी भिंतींच्या पुष्कळ बाहेर आलेले आहे.

या रचनेमागील तत्त्व सोपे आहे. पत्रा थेट वर्गावर असेल तर उन्हाने तापून तो खालच्या हवेला तापवितो. येथे पत्रा आणि छत यांच्यामध्ये पोकळी असल्यामुळे तापलेली हवा तेथूनच वाहून जाते. खिडक्यांतून आलेली त्या मानाने थंड हवा वर्गातून वर चढते आणि छतातील फटींवाटे बाहेर पडते. जाड मातीच्या भिंती दिवसाची उष्णता सावकाश शोषून घेतात. छपराच्या रुंद वळचणीमुळे पावसाचे पाणी भिंतीला लागत नाही. म्हणजेच ग्रामस्थांच्या आक्षेपातील मूळ मुद्दा, पावसाने माती वाहून जाते हा, नाकारलेला नाही. तो मान्य करूनच त्यावर उपाय योजलेला आहे. विजेची सोय नसलेल्या गावात पंख्याविना वर्ग बसण्याजोगा राहतो, आणि ज्या वर्गात बसवत नाही तेथे शिकविणेही होत नाही, हा तेंकोदोगोच्या शाळेतील धडा येथे उपयोगी पडला.

पत्र्याचे छप्पर पेलणारा सांगाडाही याच विचाराने निवडला. मोठ्या लोखंडी तुळया दुरून आणावयाच्या तर वाहतूक आणि यारी यांची गरज पडली असती. त्याऐवजी बांधकामात वापरल्या जाणाऱ्या साध्या सळया एकमेकींना जोडून हलका सांगाडा तयार केला. हातकरवत आणि लहान वेल्डिंग यंत्र चालविण्यास गावातील तरुणांना शिकविले की हे काम जागेवरच करता येत होते.

५. लोकसहभागाचे स्वरूप

लोकसहभाग हा शब्द विकासविषयक लेखनात इतका वापरला जातो की त्याचा अर्थ बोथट झाला आहे. गांदोमध्ये त्याचे स्वरूप प्रत्यक्ष श्रमाचे होते. मुलांनी पायासाठी दगड गोळा करून आणले. विटा पाडण्यासाठी लागणारे पाणी स्त्रियांनी दूरवरून डोक्यावरून वाहून आणले. विटा पाडण्याचे तंत्र शिकविण्यासाठी बुर्किना फासोमधील एका शासकीय यंत्रणेचे साहाय्य झाले. मातीची जमीन तर अनेक जणांनी एकत्र येऊन तालात चोपून घट्ट केली. घराची जमीन करण्याची ही गावाची जुनीच रीत होती. परंपरागत कौशल्य आणि नवे तंत्र यांचा मेळ अशा रीतीने घातला गेला.

या सहभागाचे तीन परिणाम दिसून येतात.

पहिला परिणाम आर्थिक होय. श्रम आणि माती गावातलीच असल्यामुळे देणगीचा पैसा प्रामुख्याने जे गावात मिळत नाही त्यावर, म्हणजे सिमेंट, सळया आणि पत्रा यांवर खर्च झाला.

दुसरा परिणाम कौशल्यासंबंधीचा आहे. विटा पाडणे, गवंडीकाम, वेल्डिंग ही कामे शिकलेल्या तरुणांना नंतर अन्यत्र मजुरी मिळू लागली. सार्वजनिक बांधकामांत त्याच तंत्राचा वापर करण्यासाठी स्थानिक प्रशासनाने त्यांना काम दिले. मुलांसाठी बांधलेली शाळा अशा प्रकारे मोठ्यांसाठी व्यवसायशिक्षणाचे केंद्रही ठरली.

तिसरा परिणाम मालकीच्या भावनेचा आहे. ज्या भिंतीसाठी आपण पाणी वाहिले ती भिंत गावाला परकी वाटत नाही. तिची देखभाल दात्याकडे न सोपविता गाव स्वतः करते. शेजारच्या दोन गावांनी गांदोचे पाहून आपापल्या शाळा सहकाराने बांधल्या, हा या परिणामाचा सर्वांत बोलका पुरावा मानता येईल. बाहेरून मिळालेल्या मदतीचे अनुकरण होत नाही. शेजाऱ्याने केलेल्या कामाचे मात्र होते.

६. शासन, संस्था आणि शिक्षक

मागे उपस्थित केलेला प्रश्न येथे पुन्हा घ्यावयाचा आहे : शाळा चालविण्याचा आवर्ती खर्च कोणी करावयाचा? गांदोमध्ये इमारत संस्थेने आणि गावाने उभारली, तर शिक्षकांची नेमणूक व वेतन यांची जबाबदारी तेथील शासनाने घेतली. ही विभागणी निर्णायक ठरली. दूरच्या देणगीदारांच्या इच्छेवर शिक्षकांचा पगार अवलंबून राहिला असता, तर एखाद्या वर्षी वर्गणी कमी पडताच वर्ग बंद पडण्याचा धोका होता. शिवाय शासनाचा शिक्षक आल्यामुळे शाळा देशाच्या शिक्षणव्यवस्थेचा भाग झाली. तिच्यातील मुलांना परीक्षा आणि पुढील शिक्षण यांचे दार खुले झाले.

परंतु नेमणूक झाली म्हणजे शिक्षक गावात राहतोच असे नाही. वीज, पाणी आणि बरे घर नसलेल्या खेड्यात शहरातून आलेला शिक्षक टिकणे कठीण असते. ही अडचण ओळखून २००४ मध्ये शाळेजवळ शिक्षकांसाठी निवासस्थाने बांधण्यात आली. ग्रामीण शाळेची गुणवत्ता शिक्षकाच्या उपस्थितीवर आणि त्याची उपस्थिती पुष्कळदा त्याच्या निवाऱ्यावर अवलंबून असते, हे या निर्णयामागील सूत्र होते.

२००४ मध्येच गांदोच्या प्राथमिक शाळेला वास्तुकलेसाठीचा आगाखान पुरस्कार मिळाला. विद्यार्थिसंख्या वाढू लागल्यावर २००८ मध्ये शाळेचा विस्तार करण्यात आला. सुरुवातीला १२० असलेली पटसंख्या कालांतराने ७०० पर्यंत पोहोचली. पुढे ग्रंथालयाची इमारत उभी राहिली. तिच्या छतात गावातील स्त्रियांनी घडविलेली मातीची मडकी, तोंड व बूड कापून, बसविलेली आहेत. त्यांतून प्रकाश आत येतो आणि गरम हवा बाहेर जाते. प्राथमिक शिक्षण पुरे झालेल्या मुलांना पुन्हा गाव सोडावे लागू नये म्हणून माध्यमिक शाळेचे कामही हाती घेण्यात आले. सात वर्षांच्या एका मुलाला शाळेसाठी घर सोडावे लागले, तेथून सुरू झालेला हा प्रवास मुलांना घरी राहून शिकता यावे या दिशेने क्रमाक्रमाने पुढे गेला.

७. मर्यादा आणि आक्षेप

या कार्याचे मोल मान्य करूनही त्याच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करता येत नाही.

(अ) व्यक्तिनिष्ठता : गांदोला केरे लाभले. गावाचा विश्वास, युरोपातील ओळखी आणि तांत्रिक ज्ञान ही तिन्ही एकाच व्यक्तीत एकवटणे हा योग दुर्मीळ आहे. ज्या गावाचा मुलगा बर्लिनला गेला नाही त्या गावाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर हे प्रारूप थेट देत नाही. लहान संस्था बहुधा संस्थापकाच्या उत्साहावर चालतात आणि त्याच्या पश्चात त्यांचे सातत्य ही नेहमीच चिंतेची बाब असते.

(आ) विषम वाटप : दात्यांचे लक्ष एका गावाकडे गेले की तेथे एकामागून एक सुविधा येतात, शेजारचे गाव मागे राहते. शासनाने समतोल साधावयाचा असतो, संस्थेला मात्र तसे बंधन नसते. दोन शेजारच्या गावांनी स्वबळावर शाळा उभारल्या म्हणून हा आक्षेप गांदोच्या बाबतीत काहीसा सौम्य होतो, पण तो नाहीसा होत नाही.

(इ) इमारत आणि अध्ययन : पुरस्कार इमारतीला मिळतो. चांगली इमारत ही अध्ययनाची आवश्यक अट असू शकेल. ती पुरेशी अट नव्हे. मूल घरी जी भाषा बोलते ती वर्गात नसेल, तर हवेशीर खोलीतही ते गप्पच बसते. फ्रेंच आणि देशी भाषा यांचा हा प्रश्न बुर्किना फासोमध्ये दीर्घकाळ चर्चेत आहे. २०२४ च्या प्रारंभी तेथील राज्यघटनेत दुरुस्ती होऊन देशी भाषांना राजभाषेचे स्थान देण्यात आले आणि फ्रेंच ही केवळ कामकाजाची भाषा ठरली. मात्र पाठ्यपुस्तके आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांत हा बदल उतरविणे हे दीर्घ मुदतीचे काम आहे आणि ते कोणतीही लहान संस्था एकट्याने करू शकत नाही.

(ई) सुरक्षितता : सर्वांत गंभीर मर्यादा संस्थेच्या आवाक्याबाहेरची आहे. २०१५ नंतर बुर्किना फासोत सशस्त्र गटांचे हल्ले वाढत गेले. शाळा आणि शिक्षक हे या हल्ल्यांचे एक लक्ष्य बनले. जानेवारी आणि सप्टेंबर २०२२ अशा एकाच वर्षात तेथे दोन लष्करी उठाव झाले. २०२३ मध्ये देशभरात सहा हजारांहून अधिक शाळा बंद होत्या आणि सुमारे दहा लाख मुलांचे शिक्षण त्यामुळे खंडित झाले होते. एक शाळा उभी करण्यासाठी गावाला काही वर्षे लागतात. ती बंद पाडण्यास एक रात्र पुरते. शिक्षणाचे भवितव्य शेवटी राज्यसंस्थेच्या स्थैर्याशी बांधलेले असते, ही जाणीव अशा आकड्यांतून तीव्रतेने होते.

८. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात :

१) लहान संस्थेची शक्ती तिच्या निधीत नसून गावाशी असलेल्या तिच्या नात्यात असते. गांदोच्या बाबतीत हे नाते संस्थेच्या स्थापनेपूर्वीच अस्तित्वात होते.

२) दात्याच्या देशातील कायदा लाभार्थी गावातील कामाचे स्वरूप अप्रत्यक्षपणे ठरवितो. निधी विशिष्ट मुदतीत खर्च करण्याच्या अटीमुळे इमारतीसारख्या कामांकडे कल वाढतो. म्हणून आवर्ती खर्चाची व्यवस्था आरंभीच निश्चित करणे गरजेचे ठरते.

३) इमारत संस्थेची व गावाची आणि शिक्षक शासनाचा, ही विभागणी शाळेला टिकाऊपणा देते. सेवाभावी संस्थेने शासनाची जागा घेण्यापेक्षा त्याला त्याची जबाबदारी पार पाडणे शक्य करून देणे अधिक फलदायी असते.

४) स्थानिक साधनांचा वापर हा केवळ काटकसरीचा मार्ग नाही. जे साधन गावाला ठाऊक आहे, ते गावाला दुरुस्त करता येते. आणि जे दुरुस्त करता येते तेच टिकते.

५) ग्रामस्थांचा विरोध हा अडथळा न मानता ज्ञानाचा स्रोत मानल्यास कामाची गुणवत्ता वाढते. मातीला असलेल्या विरोधातूनच वळचणीचे रुंद छप्पर आले.

६) शांतता आणि स्थिर शासन यांच्या अभावी उत्तम शैक्षणिक प्रयोगही असुरक्षित राहतो.

समारोप

शिक्षणक्षेत्रातील मदतीचे मूल्यमापन करताना किती रुपये किंवा किती युरो खर्च झाले, किती खोल्या बांधल्या, असे प्रश्न विचारण्याची प्रथा आहे. गांदोचे उदाहरण त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घालते : मदत करणारा निघून गेल्यावर गावाला स्वतःहून काय करता येते? गांदोतील तरुणांना विटा पाडता येतात, सळया जोडता येतात आणि शेजारच्या गावांना आपली शाळा बांधता येते. निरोपाच्या वेळी एका मुलाच्या हातावर शेवटचे नाणे ठेवणाऱ्या स्त्रियांची अपेक्षाही याहून वेगळी नव्हती. त्यांनी दिलेले नाणे शाळेच्या रूपाने गावात परत आले आणि त्या शाळेच्या बांधणीसाठी पुन्हा त्यांनीच पाणी वाहिले. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे दाता कोण आणि लाभार्थी कोण ही विभागणी वाटते तितकी सरळ नाही, हे स्पष्ट होते.